दहा मिलिमीटरची रेघ

वर्षभर इकडे काही लिहिलं नाही. ‘माई, तब्येत बरी आहे ना?’ अशा दोन-तीन मेल आल्या, एका वाचक मैत्रिणीने तर फोनच केला. तब्येत उत्तम आहे हो. मन थाऱ्यावर नव्हतं, इतकंच. ज्या गोष्टीमुळे ते थाऱ्यावर नव्हतं तिच्याबद्दलच आज लिहिते आहे. नातीला विचारून लिहिते आहे. तिने वाचून ‘टाक आजी ब्लॉगवर’ म्हटलं, मगच टाकलं.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. इथे तिला मनू म्हणू. मागच्या वर्षी तिला दिवस गेले. विसाव्या आठवड्यात बाळाचे सगळे अवयव बघणारी मोठी सोनोग्राफी असते, ती झाली. संध्याकाळी सगळे माझ्याकडे जेवायला येणार होते. मनू आली ती पाकीट हातात घट्ट धरूनच. रिपोर्टमध्ये सगळं ठीक होतं, फक्त एका ओळीखाली रेघ मारलेली. बाळाच्या मेंदूतल्या एका पोकळीची रुंदी ११.२ मिलिमीटर. दहापर्यंत हवी.

जावई समजावून सांगत होते, की मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव असतो, त्यातली एक किंचित मोठी दिसते आहे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई, म्हणजे डोक्यात पाणी?”

मनूचा चेहरा असा उतरला की बास. घास तसाच राहिला ताटात. चाळीस वर्षं वर्गात बोलून पोट भरलेली बाई मी, पण कुठे गप्प बसावं हे त्या दिवशी मला कळलं नाही.

माझ्या तोंडून ते का गेलं तेही सांगते. वाईला आम्ही ज्या वाड्यात राहायचो तिथे, मी सात-आठ वर्षांची असताना, शेजारच्या बिऱ्हाडात एक बाळ होतं. त्याचं डोकं वाढतच गेलं. त्याची आई एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने डोकं असं धरून उन्हाला बसायची. डोळे खाली वळलेले. बायका हळू आवाजात ‘डोक्यात पाणी झालंय’ म्हणायच्या. दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेलं. त्यानंतर ‘पाणी’ आणि ‘डोकं’ हे दोन शब्द एकत्र आले की मला ती माऊलीच दिसते.

मनूला मी नको ते बोलून बसले होते. मग ठरवलं, की आता नीट समजून घ्यायचं. मी काही डॉक्टर नाही. माझं बी.ए. मराठी माध्यमातून, विषय इतिहास. पण एखादी गोष्ट कुठून आली, कोणी सुरू केली, हे शोधायची सवय आहे. हा दहाचा आकडा आला कुठून, हे तरी मला शोधता येईल ना? डॉक्टर भाच्याला कामाला लावलं, तो कागद आणून द्यायचा. इंग्रजीशी झटापट करत, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

या पोकळ्या काही आजच्या नाहीत. माणसाला त्या दोन हजार वर्षांपासून माहीत आहेत. ग्रीक वैद्य गेलेनने दुसऱ्या शतकात जनावरांचे मेंदू चिरून त्यांचं वर्णन केलं. पुढे मध्ययुगात युरोपात अशी समजूत रूढ झाली की मन राहतं ते या पोकळ्यांतच. पुढच्या पोकळीत कल्पना, मधल्यात विचार, मागच्यात स्मरण. पोकळी तेवढी महत्त्वाची आणि भोवतीचा मेंदू म्हणजे नुसती भिंत! लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बैलाच्या मेंदूत पातळ मेण भरून या पोकळ्यांचा साचा काढला, तेव्हा त्यांचा खरा आकार दिसला. १५४३ साली वेसालियसने आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात त्यांची चित्रं छापली.

त्यांना लॅटिनमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ ‘छोटं पोट’. एकूण चार. दोन मोठ्या, डाव्या आणि उजव्या, मग मधली तिसरी आणि खाली चौथी. त्यांच्यात द्रव तयार होतो, एका पोकळीतून दुसरीत वाहतो, मग बाहेर येऊन मेंदूभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. आपल्या वाईच्या पाटासारखं समजा. तिसरी आणि चौथी पोकळी जोडणारी वाट फार अरुंद आहे. ती बंद झाली तर मागे पाणी तुंबतं, पोकळी फुगते, मेंदू दाबला जातो. शेजारच्या त्या बाळाचं असंच काहीतरी झालं असणार. याला आपल्या पुस्तकांत जलशीर्ष म्हणतात.

या दोन मोठ्या पोकळ्यांना जिथे फाटे फुटतात त्या रुंद जागेला डॉक्टर एट्रियम म्हणतात. शब्द वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसले. एट्रियम म्हणजे जुन्या रोमन घरातला मधला चौक! आपल्या वाड्याला असतो तसा. सगळी दालनं जिथे येऊन मिळतात तो. मनूच्या बाळाचा हाच चौक ११.२ भरला होता.

पण जिवंत माणसाच्या डोक्यातला चौक मोजणार कसा? १९१८ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या शल्यचिकित्सकाने पोकळीतला द्रव काढून तिथे हवा भरली आणि एक्स-रे काढला. पोकळी दिसली खरी, पण रुग्णाचे हाल हाल. पोटातल्या बाळाचा तर प्रश्नच नव्हता. ते शक्य झालं ग्लासगोमुळे. तिथल्या इयान डोनाल्ड या डॉक्टरांनी १९५५ मध्ये, लोखंडी पत्र्यातली आणि बॉयलरमधली भेग शोधण्यासाठी कारखान्यात वापरतात ते ध्वनिलहरींचं यंत्र, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींवर लावून पाहिलं. टॉम ब्राऊन नावाचा तरुण इंजिनिअर आणि डॉ. मॅकव्हिकर यांच्यासोबत त्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला, त्यात पोटातल्या गर्भाची चित्रं होती. म्हणजे मनूची सोनोग्राफी ही बॉयलरच्या तपासणीची नात.

१९५८! मी वाईच्या वाड्यात परकर नेसून फिरत होते ते हे दिवस. आणि याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या यंत्रकारागिराच्या मुलाला जन्मतः हा त्रास होता. स्पिट्झ हे शल्यविशारद डोक्यातलं पाणी नळीने खाली नेऊ पाहत होते, पण ते एकाच दिशेने जाईल अशी झडप काही जमेना. होल्टरने आपल्या मुलासाठी ती झडप स्वतः बनवली. १९५६ पासून ती वापरात आली आणि तिने पुढे असंख्य मुलं जगवली. त्याचा स्वतःचा मुलगा मात्र पाचेक वर्षांचाच होऊन गेला. शेजारच्या त्या माऊलीला हे कळलं असतं तरी तिला काय उपयोग होता? फिलाडेल्फिया आणि वाई! पण इतक्या वर्षांनी वाचताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

असो. दहाच्या आकड्याकडे येते.

१९७० नंतर सोनोग्राफी सुधारत गेली. १९७२ मध्ये लंडनच्या स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी, कवटी आणि मेंदूच न बनलेला गर्भ सतराव्या आठवड्यात ओळखला. म्हणजे सुरुवातीला दिसायचे ते असे ढळढळीत दोष. पोकळ्यांचंही तसंच. ज्या दिसायच्या त्या प्रचंड फुगलेल्या आणि सोबत पाठीच्या कण्याचे, हृदयाचे दोष असलेल्या. त्या बाळांचं पुढे बहुधा वाईटच झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गर्भाच्या डोक्यात नळी घालून पाणी बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. पण १९८६ साली सगळीकडच्या अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला, त्यात फायदा दिसेना, आणि त्या थांबल्या.

तेव्हा पोकळी मोठी आहे की नाही हे ठरवायला पोकळीची रुंदी आणि मेंदूची रुंदी यांचं गुणोत्तर काढत. ते दर आठवड्याला बदलायचं, तक्ते बघावे लागायचे. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कार्डोझा, गोल्डस्टाइन आणि फिली यांनी सोपी युक्ती काढली. त्यांनी १४ ते ३८ आठवड्यांच्या १०० निरोगी गर्भांचा हा चौक मोजला. गंमत अशी, की बाळ वाढतं, डोकं वाढतं, पण चौकाची रुंदी जवळपास तेवढीच राहते. सरासरी ७.६ मिलिमीटर. बाळाबाळांमधला फरक साधारण ०.६ चा. सरासरीपासून असे चार टप्पे वर गेलं की येतात दहा. झालं, रेघ ठरली. आज पुण्यात, साताऱ्यात, शिकागोत, सगळीकडे हीच रेघ.

आता एक गंमत बघा. त्यांच्या लेखाचं शीर्षकच असं आहे, की या एका मापाने पोकळी मोठी असल्याची शंका *वगळता* येते. म्हणजे दहाच्या खाली असेल तर निर्धास्त राहा, असं सांगण्यासाठी ती रेघ ओढली होती. आपण ती उलटी वाचली. दहाच्या वर असेल तर घाबरा! कागदावर या दोन वाक्यांत फार फरक दिसत नाही, पण मनूच्या ताटातला घास तिथेच अडकला होता.

शाळेत आमची अशीच एक रेघ होती, पस्तीसची. मी शेकड्यांनी पेपर तपासले आहेत. चौतीसवाल्या पोराच्या आणि पस्तीसवाल्या पोराच्या डोक्यात काय फरक असतो हो? काही नसतो. मी त्या दिवशी चहा पिऊन तपासला की पिण्याआधी, एवढाच असतो. पण निकालाच्या दिवशी एकाच्या घरी पेढे आणि दुसऱ्याच्या घरी पट्टा. सोनोग्राफीतही, मापाची खूण पोकळीच्या भिंतीच्या आत ठेवली की बाहेर, डोकं जरा तिरकं होतं का, यात एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ शकतो. आता रेघच नको असं मी म्हणत नाही. शंभरात बारा मार्क मिळवणारा मुलगा शिक्षकाला कळायलाच हवा. पोकळी पंधराच्या वर गेली तर ती गंभीर मानतात, आणि तिथे काळजीचं कारण खरंच असतं. प्रश्न रेघेला चिकटून उभ्या असलेल्यांचा आहे.

त्यांचं पुढे काय होतं? मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं ते इथे. सुरुवातीचे अंदाज वाईट होते, कारण मोजलीच होती ती आधीच आजारी असलेली बाळं. मोठ्या रुग्णालयात शंका आली म्हणून पाठवलेली. जसजशी सरसकट सगळ्या गरोदर बायकांची तपासणी होऊ लागली, तसतशी किंचित मोठी पोकळी असलेली आणि बाकी ठणठणीत बाळंही हिशेबात आली. बाळं काही बदलली नाहीत, यादी बदलली. इतिहासात आम्ही हेच शिकवायचो ना, की बखर कोणी लिहिली आणि कोणाविषयी लिहिली ते आधी बघा!

२०१४ साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले गेले. पोकळी थोडी मोठी, पण मेंदूत आणि इतरत्र दुसरा कुठलाही दोष नाही, गुणसूत्रं ठीक, संसर्ग नाही, अशा मुलांमध्ये पुढे वाढीत मागे पडणारी शंभरात साधारण आठ निघाली. आठ हा आकडा मोठा वाटतो, मलाही वाटला. पण भाचा म्हणाला, “माई, सोनोग्राफीत काहीच न निघालेली मुलं शंभर घे. त्यांच्यातही कोणी उशिरा बोलतं, कोणाला शिकायला जड जातं. हा आकडा त्याच्या फार लांब नाही.” अमेरिकेतल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच सांगितलं. दहा ते बारा मिलिमीटर आणि बाकी सगळं नीट, तर मूल सर्वसाधारण वाढण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त.

यातला ‘बाकी सगळं नीट’ हा भाग मात्र विसरायचा नाही. म्हणून तर तपासण्या. तज्ज्ञाकडून पुन्हा सविस्तर सोनोग्राफी, कारण कधी डाव्या-उजव्या मेंदूला जोडणारा पूलच नसतो. आईच्या रक्तात काही विषाणू-जंतूंचा संसर्ग आहे का ते बघतात. गर्भजल काढून गुणसूत्रं तपासतात, कारण वरवर नीट दिसणाऱ्या अशा बाळांमध्येही शंभरात पाच-एकांना गुणसूत्रांचा दोष निघतो. काहींना एमआरआय. आणि मग चार-चार आठवड्यांनी पुन्हा माप. काहींची पोकळी वाढते, बहुतेकांची तेवढीच राहते किंवा लहान होते. म्हणजे या दुखण्यात मोठं औषध आहे ‘थांबून बघणं’.

आणि इथेच आपल्याकडच्या कायद्याची गोष्ट येते. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली होती. त्या काळी सोनोग्राफी नव्हतीच, त्यामुळे कायदा करणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण पुढे सोनोग्राफी आली आणि ती करायची वेळ ठरली अठरा ते वीस आठवडे! म्हणजे मंगळवारी रिपोर्ट आणि शुक्रवारी मुदत संपली. थांबून बघायची सोयच नाही. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्याचा अर्ज गेला होता, बाळाच्या हृदयाचा दोष मुदतीनंतर कळला म्हणून. अर्ज फेटाळला गेला, पण महाराष्ट्रभर चर्चा झाली. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, तेव्हाच्या ब्लॉगांवर कडाक्याचे वाद झाले होते. शेवटी २०२१ मध्ये कायदा बदलला. काही परिस्थितींत चोवीस आठवडे, आणि गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर ही मर्यादा लागू नाही.

या बदलाकडे लोक फक्त ‘गर्भपाताची मुदत वाढली’ म्हणून बघतात. मला मनूच्या खोलीत बसून त्याची दुसरी बाजू कळली. मुदत लांबली म्हणून घाई गेली. जुन्या कायद्यात ११.२ वाचून भेदरलेल्या किती आयांनी चार दिवसांत ‘नको’ म्हटलं असेल? त्यांना आणखी एक महिना मिळाला असता तर? कोणाला दोष नाही देत मी. त्यांनी घेतलेला निर्णय त्यांचा, आणि तो त्यांनी हसत घेतला नसणार.

मनूने महिना घेतला. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. गर्भजलाची तपासणी करायची की नाही यावर नवरा-बायको दोन रात्री जागले, मग केली. तीही ठीक. मी रोज जायचे, गवार निवडायचे, बोलायचे नाही. शिकले होते ना! एकदा तिनेच विचारलं, “आजी, पुढे काही निघालं तर?” मी माझ्या वहीतून तिला लिओनार्दोचं मेण, ग्लासगोचा बॉयलर, चौकाचा अर्थ, त्या शंभर बाळांची गोष्ट, सगळं वाचून दाखवलं. उत्तर नव्हतंच माझ्याकडे. ती म्हणाली, “म्हणजे ही रेघ माणसांनीच ओढलीय.” हो गं बाई, माणसांनीच ओढलीय, चांगल्या हेतूने.

चोविसाव्या आठवड्यात माप आलं १०.८. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ९.७. जावयांनी पेढे आणले. मी पहिला पेढा खाताना चौतीस मार्कांच्या पोरांची मनातल्या मनात माफी मागितली.

बाळ आता सात महिन्यांचं आहे. पालथं पडतं, माझा चष्मा ओढतं, रात्री दोनला सगळ्यांना उठवतं. डॉक्टर दर भेटीत डोक्याचा घेर टेपने मोजतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. अजून दोन-तीन वर्षं लक्ष ठेवायचं आहे. सगळं छान झालं असं मी आजच लिहिणार नाही, आणि भीतीही बाळगणार नाही.

लेख लांबला, पण शेवटी एक विनंती, ब्लॉग वाचणाऱ्या आमच्या नातेवाइकांना खास. बारशाला आलात, फोन करता, फार बरं वाटतं. फक्त “डोकं आता किती झालं गं?” असं मनूला विचारू नका. अगदीच राहवलं नाही तर मला विचारा. मी तुम्हाला लिओनार्दोपासून सुरू करून सांगेन, म्हणजे पुन्हा विचारणार नाही!